गवत कोणाचं, आग कोणाची?



मी कन्नड तालुक्यात बचत गटांच्या समन्वयाचं काम करते. आजचं बोलणं वणव्यावर आहे. तुम्ही म्हणाल, वणवा म्हणजे जंगल खात्याचं काम, त्याचा आपल्या गटाशी काय संबंध? सरपण, गवत, गुरं, मजुरी आणि रानातून शेतात येणारी जनावरं, एवढ्या पाच गोष्टींनी तो आपल्या घरात येतो. म्हणून आज जरा मागे जाऊन बघू.

डोंगर पेटला की पहिला प्रश्न एकच निघतो, "काडी कोणी लावली?" गुराख्याने, मोहाच्या फुलांसाठी कुणी, की विडी ओढणाऱ्या वाटसरूने? या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा सापडतच नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. डोंगर पेटलेला दिसत असूनही गाव धावत का जात नाही? आपल्या कडब्याच्या गंजीला आग लागली तर अर्धं गाव घागरी घेऊन धावतं. तेच गाव डोंगराच्या आगीकडे ओट्यावर बसून बघतं. असं कधीपासून झालं आणि कशामुळे झालं, हा आजचा विषय.

आधी आपला डोंगर डोळ्यांपुढे आणा. अजिंठ्याची डोंगररांग आपल्या जिल्ह्याच्या उत्तरेला भिंतीसारखी उभी आहे. कन्नडचा घाट उतरलं की चाळीसगाव, म्हणजे खानदेश. याच डोंगरात गौताळा औट्रमघाट अभयारण्य आहे. ते १९८६ मध्ये जाहीर झालं. क्षेत्र सुमारे २६० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या भाषेत जवळपास चौसष्ट हजार एकर. काही भाग आपल्या जिल्ह्यात, काही जळगाव जिल्ह्यात. पितळखोऱ्याची दोन हजार वर्षांपूर्वीची लेणी याच डोंगरात आहेत आणि खाली पाटणादेवीचं देऊळही. औट्रम हे नाव इंग्रज अधिकाऱ्याचं. या जेम्स औट्रमने १८२५ च्या सुमारास खानदेशात भिल्लांची पलटण उभी केली होती. घाट आपला आणि नाव साहेबाचं. डोंगराची मालकी कशी बदलत गेली, ते त्या नावातही दिसतं.

हे जंगल पानगळीचं आहे. पावसाळ्यात हिरवंगार, दिवाळीनंतर पिवळं, आणि होळीच्या सुमारास खाली वाळक्या पानांचा थर. मोकळ्या जागी गुडघ्याएवढं, कुठे कंबरेएवढं वाळलेलं गवत. जंगल खात्याच्या हिशोबात १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा काळ. त्या चार महिन्यांत एक ठिणगी पुरते. वीज पडून आग लागते असं आपण ऐकतो, पण आपल्याकडे विजा चमकतात त्या वळवाच्या पावसाबरोबर. फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या दिवसांत लागलेल्या आगीमागे जवळजवळ नेहमी माणूसच असतो. कधी मुद्दाम, कधी चुकून. बांध पेटवला आणि वारा सुटला. पऱ्हाट्या-तुराट्या जाळल्या आणि ठिणगी डोंगराला लागली. मधाचं पोळं काढायला धूर केला आणि पलिता तिथेच टाकला.

आगीशी डोंगरातल्या माणसांची ओळख फार जुनी आहे. पहिल्या पावसानंतर कोवळं गवत लवकर फुटावं म्हणून जुनं वाळकं गवत जाळायचे. झाडाखालची जागा साफ करून मोहाची फुलं वेचायला सोपी करायचे. वाट मोकळी राहावी, गोचीड-पिसवा मराव्यात, जनावर दुरून दिसावं, यासाठीही जाळायचे. या आगीला मर्यादा होती, कारण जाळणाऱ्याची गुरं त्याच डोंगरावर चरायची आणि त्याच्या घराचं लाकूड तिथूनच यायचं. सगळंच जळालं तर आपलंच नुकसान, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तेव्हा सगळं छान होतं, असं मी म्हणत नाही. तेव्हाही जंगल तुटत होतं, जळतही होतं. पण आग लावणारा आणि आग विझवणारा बहुतेक वेळा एकाच गावचा होता.

मग इंग्रज सरकार आलं. १८६० च्या दशकात मुंबईहून निघालेली रेल्वे चाळीसगाववरून भुसावळकडे गेली. रुळांखालच्या स्लीपरला लाकूड, इंजिनाला लाकूड, पुलांना लाकूड. सरकारच्या लक्षात आलं की जंगल म्हणजे पैसा आहे आणि तो जळून जातोय. १८६५ मध्ये जंगलाचा पहिला कायदा झाला. १८७८ मध्ये दुसरा आणि जास्त कडक कायदा आला. त्यात जंगलाचे वर्ग पाडले. राखीव जंगल म्हणजे पूर्ण सरकारी. तिथे सरकारने परवानगी दिली असेल तेवढंच करायचं, बाकी सगळं गुन्हा. कालपर्यंत जे रान गावाचं होतं, ते कागदावर सरकारचं झालं.

त्याच काळात सातपुड्यातल्या बोरी जंगलात, आजच्या मध्य प्रदेशात, पिअर्सन नावाच्या अधिकाऱ्याने वणवा रोखायचा प्रयोग केला. जंगलात रुंद पट्टे साफ करायचे, त्यातलं गवत आणि पाला उन्हाळ्याआधीच कापून जाळून टाकायचा. मोठी आग त्या पट्ट्यापाशी आली की तिला पुढे खायला काही मिळत नाही, ती तिथेच विझते. आपल्याकडे या पट्ट्याला जाळरेषा म्हणतात. दीडशे वर्षांहून जास्त काळ झाला, यंत्रं आली, उपग्रह आले, तरी वणवा रोखायचं मुख्य साधन आजही तीच जाळरेषा आहे. आणि ती काढायला विळा, कोयता, खराटा आणि माणसांचे हात लागतात.

साधन चांगलं होतं. अडचण त्याच्याबरोबर आलेल्या कायद्यात होती. १९२७ चा भारतीय वन अधिनियम आजही चालू आहे. त्याच्या कलम २६ मध्ये राखीव जंगलात आग लावणं हा गुन्हा आहे, आणि तो असायलाच हवा. पण त्याच कलमात पुढे आणखी एक तरतूद आहे. मुद्दाम किंवा मोठ्या हलगर्जीपणाने आग लागली, तर गुन्हेगाराला शिक्षा झालेली असली तरीही सरकार त्या जंगलातले चराईचे आणि वनोपजाचे सगळे हक्क ठरावीक काळासाठी बंद ठेवू शकतं. म्हणजे काडी एकाने लावायची आणि गवत सगळ्या गावाचं बंद व्हायचं. त्याच कायद्याचं कलम ७९ सांगतं की ज्यांना जंगलात हक्क आहेत त्यांनी आग लागल्याची खबर द्यावी आणि ती विझवायला मदत करावी.

आता विचार करा. आगीची खबर दिली तर चौकशी आपल्याच दारात येणार, "तू तिथे काय करत होतीस?" कुणाचं नाव सांगितलं तर भावकीत वैर, आणि वरून गावाची चराई बंद होण्याची भीती. मग शहाणं माणूस काय करेल? गप्प बसेल. मला वाटतं, ओट्यावर बसून वणवा बघण्याची आपली सवय तिथून आली असावी. तिला आळस म्हणणं सोपं आहे, पण तिच्यामागे भीती आहे.

महात्मा जोतीराव फुल्यांनी १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. त्यात त्यांनी जंगल खात्यावर कडक टीका केली आहे. डोंगर-टेकड्या आणि गायरानं खात्याने अडवल्यामुळे गरीब शेतकऱ्याच्या गुराढोरांना वावच राहिला नाही, हे त्यांनी तेव्हाच मांडलं होतं. ज्या घरात गुरांचं शेण-पाणी आणि गवताचा भारा बाईच्या डोक्यावर असतो, तिथे ही अडचण पहिल्यांदा तिलाच कळते.

आपला घाट मात्र दोन राज्यांच्या मध्ये होता. खाली चाळीसगावकडे १८१८ पासून इंग्रजांचा अंमल, वर कन्नडकडे निजामाचा. निजामाचं जंगल खातं वेगळं, नियम वेगळे. गुरांना आणि आगीला ही हद्द कळत नव्हती, पण माणसाला एकाच डोंगराच्या दोन उतारांवर दोन सरकारांना उत्तर द्यावं लागत होतं.

हक्क गेला की आगीचा अर्थही बदलतो. याचं मोठं उदाहरण हिमालयात घडलं. १९२१ मध्ये कुमाऊंच्या डोंगरी लोकांनी वेठबिगारी आणि जंगलाच्या कडक नियमांविरुद्ध आंदोलन केलं. त्यात सरकारी राखीव जंगलं पेटली. इतिहासकारांच्या लक्षात आलेली गोष्ट अशी की जळाली ती मुख्यतः चीडाची, म्हणजे पाईनची जंगलं. ती सरकारला पैसा देणारी. ज्या बांज झाडांच्या पाल्यावर गुरं जगायची आणि जे सरपण घरात यायचं, ती जंगलं लोकांनी राखली. आग कुठे लागू द्यायची आणि कुठे नाही, हे त्या लोकांना नेमकं माहीत होतं. पुढे सरकारला माघार घ्यावी लागली, आणि १९३१ पासून तिथे गावाच्या ताब्यात जंगल देणाऱ्या वनपंचायती सुरू झाल्या.

आपल्या महाराष्ट्रात हा राग गवतावर निघाला. १९३० च्या जुलैमध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदला लोकनायक बापूजी अणे यांनी राखीव जंगलातलं गवत परवान्याशिवाय कापून जंगल सत्याग्रह केला. गांधीजींनी मीठ उचललं, आपल्याकडे लोकांनी गवत कापलं. २५ सप्टेंबर १९३० ला रायगडातल्या चिरनेरला अशाच सत्याग्रहात गोळीबार होऊन माणसं गेली. आपल्या मराठवाड्यातही १९४७-४८ च्या निजामविरोधी लढ्यात जंगल सत्याग्रह झाला, सरकारचा महसूल बुडावा म्हणून शिंदीची झाडं तोडली गेली. गवताचा एक भारा म्हणजे केवढी मोठी गोष्ट होती, ते यावरून कळतं.

एक गोष्ट मात्र जंगल खात्यालाही अनुभवातून शिकावी लागली. ब्रह्मदेश, म्हणजे आजचा म्यानमार, तेव्हा इंग्रजांच्याच ताब्यात होता. तिथल्या ओल्या सागवानी जंगलात अधिकाऱ्यांनी वर्षानुवर्षं एकही आग लागू दिली नाही. तेव्हा दिसलं की खाली बांबू आणि झुडपं इतकी माजतात की सागाची नवी रोपं वर येतच नाहीत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांना तिथला हट्ट सोडावा लागला. काही ठिकाणी मग मोसमाच्या सुरुवातीलाच, गवतात ओल असताना, हलकी आग देण्याची पद्धत आली. अमेरिकेतही असंच झालं. तिथे १९३५ पासून प्रत्येक आग दुसऱ्या दिवशी सकाळी दहापर्यंत विझलीच पाहिजे, असा नियम होता. कित्येक वर्षांचा वाळका पाला साठत गेला, आगी जास्त भयंकर होऊ लागल्या, आणि १९७० च्या दशकात त्यांनी तो नियम सोडला.

याचा अर्थ आपण डोंगर पेटवावा, असा अजिबात नाही, ताई. आपलं जंगल कोरडं आहे. इथे दरवर्षी उन्हाळ्यात आग फिरली तर जमिनीतून नुकतं वर आलेलं रोप जळतं. पुढच्या वर्षी परत फुटतं, परत जळतं. मोठी झाडं उभी दिसतात, पण त्यांच्या जागी उद्या उभं राहायला खाली लेकरंच नसतात. पाला जळाला की माती उघडी पडते आणि पहिल्या पावसात वाहून धरणात जाते. आगीनंतर गवत हिरवंगार येतं हे खरं, पण ती हिरवळ थोड्या दिवसांची असते. काही वर्षांत चांगलं गवत कमी होतं आणि गुरं तोंड लावत नाहीत असं तण वाढतं. वरच्या उदाहरणांतून घ्यायची गोष्ट वेगळी आहे. आग कधी, कुठे आणि कुणाच्या हातात, यावर सगळं अवलंबून असतं. माहीतगार माणसांनी थंडीत, ठरलेल्या पट्ट्यात लावलेली आग म्हणजे जाळरेषा. एप्रिलच्या दुपारी लागलेली आग म्हणजे वणवा.

स्वातंत्र्यानंतरचं आता बघू. १९७२ चं साल आपल्या आज्या-सासवा विसरलेल्या नाहीत. दुष्काळ, सुकडी, खडी फोडण्याची कामं. त्याच वर्षी देशात वन्यजीव संरक्षण कायदा झाला. या कायद्याखाली १९८६ मध्ये गौताळ्याचं अभयारण्य झालं. बिबट्या, अस्वल, तरस, लांडगा, रोही, भेकर, मोर यांना हक्काची जागा मिळाली. कलम ३० प्रमाणे अभयारण्यात आग लावणं, पेटवणं किंवा धोका होईल अशी पेटती सोडून जाणं यावर बंदी आहे. कलम २७ प्रमाणे अभयारण्यात राहणाऱ्या माणसावर माहीत झालेली आग विझवण्याची जबाबदारी आहे. चराई आणि लाकूडफाटा यांवरही बंधनं आली. जनावरांसाठी हे गरजेचं होतं. पण डोंगराच्या पायथ्याच्या तांड्या-वाड्यांना पुन्हा जुनाच अनुभव आला, जबाबदारी आपली आणि गवत दुसऱ्याचं.

सरकारलाही हे उमगत गेलं. १९८८ च्या राष्ट्रीय वन धोरणात जंगलाकाठच्या लोकांच्या गरजांना जागा मिळाली. १९९० मध्ये केंद्राने, १९९२ मध्ये महाराष्ट्राने संयुक्त वन व्यवस्थापन सुरू केलं. गावाची समिती जंगल राखेल, बदल्यात तिला वाटा मिळेल, ही त्यातली कल्पना. २००६-०७ पासून संत तुकाराम वनग्राम योजनेत चांगलं काम करणाऱ्या समित्यांना बक्षिसं सुरू झाली. २००६ चा वनहक्क कायदा त्याच्याही पुढे गेला. जंगल आणि वन्यजीव राखण्याचा अधिकार त्याने ग्रामसभेला दिला. दीडशे वर्षांत पहिल्यांदा कायदा म्हणाला की राखणाऱ्याचाही हक्क आहे.

याने फरक पडतो का? चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावचं बघा. २०१२ मध्ये या छोट्या गावाला सुमारे हजार हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. तेंदूपत्ता म्हणजे त्या भागातली मोठी रोकड कमाई. पण चांगली कोवळी पानं यावीत म्हणून तेंदूच्या फांद्या छाटल्या जातात आणि आगी लावल्या जातात. पाचगावच्या ग्रामसभेने ठरवलं, तेंदूपत्ता तोडायचाच नाही. त्यांनी बांबूवर लक्ष दिलं आणि तो स्वतः नियम करून विकला. हातातली रोकड सोडून जंगलातली आग थांबवणं गावाला जमलं, कारण उरलेलं जंगल आपलंच राहणार, हा भरवसा त्यांना होता. जे काम दंडाच्या पावतीने होत नव्हतं, ते त्या भरवशाने झालं.

आता आपल्या डोंगरातल्या जनावरांकडे वळू, कारण वणव्याचा पहिला घास तेच होतात. २०१९ मध्ये यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून एक तरुण वाघ निघाला आणि चालत चालत डिसेंबरमध्ये बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर होती म्हणून त्याची वाट कळली. ज्ञानगंगा आपल्याच अजिंठा रांगेत आहे. पुढे मार्च २०२१ मध्ये आपल्या गौताळ्यातल्या कॅमेऱ्यात वाघाचा फोटो आला. अनेक दशकांनी या डोंगरात वाघ दिसला. नदी-नाले, शेतं, रस्ते ओलांडत एक वाघ इतक्या लांब येतो, तो जोडलेल्या झाडी-गवताच्या आधाराने. ती झाडी मार्चमध्ये काळी राख झालेली असेल तर तो आणि त्याचं भक्ष्य जाणार कुठे?

लहान जीवांचं तर विचारूच नका. टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालते, तितर-लावे गवतात घरटं करतात. मोठी जनावरं पळतात, पिल्लं मागे राहतात. आणि पळालेली जनावरं आपल्याकडेच येतात. रोही आणि रानडुकरं आधीच शेतात असतात, डोंगर जळाला की गवत आणि पाण्यासाठी जास्त खाली उतरतात. त्यांच्यामागे बिबट्या येतो, शेळ्यांच्या गोठ्यापर्यंत. नुकसानभरपाईचा अर्ज, पंचनामा, चकरा हे सगळं तुम्हाला माहीत आहे. वणवा डोंगरावर विझतो, पण त्याचा हिशोब पुढे वर्षभर गावात चालतो.

आणि आग विझवायला जातं कोण? ८ एप्रिल २०२१ ला गोंदिया-भंडाऱ्याच्या नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात नागझिऱ्याच्या जंगलात वणवा लागला. तो विझवताना तीन हंगामी मजूर होरपळून गेले, दोघे गंभीर जखमी झाले. ती रोजंदारीवरची माणसं होती. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था २००४ पासून उपग्रहाच्या मदतीने आगीच्या जागा कळवते, आता मोबाईलवर संदेश येतो. ही मोठीच सोय झाली. पण उपग्रह डोंगर चढत नाही. संदेश आल्यावर हिरवा डहाळा घेऊन जाणारं माणूस गावातलंच लागतं. इतिहासाच्या पुस्तकात पिअर्सनचं नाव आहे. जाळरेषेवर विळा चालवणाऱ्या बाया-माणसांचं नाव कुठेच नाही. हजेरीपटावर अंगठा, एवढीच त्यांची नोंद.

म्हणून आता कामाचं बोलू. तहान लागल्यावर विहीर खणून उपयोग नसतो. वणव्याचं खरं काम दिवाळी ते संक्रांतीच्या मधलं आहे. गवत पिवळं पडलं की ग्रामसंघाच्या बैठकीत हा विषय घ्या. आपल्या गावात संयुक्त वन व्यवस्थापन समिती आहे का, तिच्यात बाया किती, शेवटची बैठक कधी झाली, हे विचारा. समिती कागदावर असेल तर ती जागी करायचा ठराव ग्रामसभेत मांडा.

दुसरं, जाळरेषेचं काम आणि हंगामी अग्निरक्षकाचं काम गावातल्या माणसांना मिळावं, त्यात बायांना मिळावं, मजुरी वेळेवर बँक खात्यात यावी, यासाठी लेखी अर्ज द्या. तोंडी बोलणं हवेत जातं.

तिसरं, गवत. १९३० मध्ये गवत कापणं हा सत्याग्रह होता. आज तेच गवत वेळेवर कापलं तर वणव्याचं खाद्य कमी होतं आणि आपल्या गोठ्याची सोय होते. पण अभयारण्यात किंवा राखीव जंगलात परवानगीशिवाय विळा लावू नका. कुठलं गवत, कधी, कसं कापून नेता येईल, हे समितीमार्फत वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना लेखी विचारा. अभयारण्याकाठच्या गावांसाठी २०१५ पासून डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजना आहे, तिच्यात गॅससारख्या सोयी आहेत. आपलं गाव तिच्यात येतं का, तेही विचारा. २०१६ पासून उज्ज्वलाचं सिलिंडर घरोघर आलं, पण भरायला पैसे नसले की पाय पुन्हा डोंगराकडेच वळतात. हे बैठकीत मोकळेपणाने बोला, त्यात लाज कसली?

चौथं, आपल्या बांधाची आग. पऱ्हाट्या, तुराट्या, धसकटं डोंगराच्या कडेच्या शेतात उन्हाळ्यात जाळूच नका. त्यांचं खत होतं.

आणि आग दिसलीच, तर १९२६ हा जंगल खात्याचा टोल फ्री नंबर लावा, बीटच्या वनरक्षकालाही कळवा. एकटीने जाऊ नका. आग चढावर माणसापेक्षा वेगाने धावते, म्हणून तिच्या वरच्या बाजूला कधीच उभं राहायचं नाही. जळून गेलेल्या काळ्या जमिनीच्या बाजूने राहायचं. नायलॉनची साडी अंगाला चिकटते, सुती कपडे घालायचे. तोंडाला ओलं फडकं, पायात जोडे. वनरक्षक मागे फिरा म्हणाला की मागे फिरायचं. डोंगर पुन्हा हिरवा होतो, घरातलं माणूस परत येत नाही.

मैत्रिणींनो, बी.ए.ला मला इतिहास होता. त्यात राजे होते, लढाया होत्या, पण गवताचा भारा नव्हता. आज तुमच्यापुढे जो इतिहास मांडला, त्यातून मला एवढंच दिसतं की राखणाऱ्याला गवतात वाटा मिळाला तिथे गाव आग विझवायला धावलं, आणि वाटा गेला तिथे ते ओट्यावर बसून राहिलं. वाटा मागायचा तर तोंडी नको, ठरावाच्या वहीत लिहून मागा. या महिन्याच्या बैठकीत बचतीचा हिशोब झाला की पाच मिनिटं डोंगराला द्या आणि काय ठरलं ते आम्हाला कळवा. तुमच्या गावचा ठराव पुढच्या एखाद्या भागात आपण सगळ्या मिळून ऐकू.